पाऊणकीचा समुद्र

नागपुरात पडलेला पाऊस पूर्वेच्या समुद्राला मिळतो आणि नागपूरचा माणूस, सुट्टी लागली की, पश्चिमेच्या समुद्राकडे निघतो. नाग नदी शहराचं पाणी घेऊन कन्हानला मिळते, कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेत जाते, वैनगंगा पुढे वर्धेला भेटून प्राणहिता होते आणि सिरोंच्यापाशी गोदावरीत शिरते. तिथून बंगालचा उपसागर. नकाशावर पट्टी ठेवून मोजलं तर नागपूरला काकीनाड्याचा किनारा मुंबईच्या किनाऱ्याहून जवळ पडतो. तरीही घरात कुणी ‘समुद्राला जाऊ या’ म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो मालवण, हर्णै, गणपतीपुळे असा मराठी बोलणारा किनारा.

एके काळी तर नागपूरच्या राज्याला स्वतःचा समुद्र होता. १७५१ च्या तहानं अलिवर्दीखानानं ओडिशा नागपूरकर भोसल्यांकडे सोपवला आणि १८०३ मध्ये इंग्रजांनी तो घेईपर्यंत कटक आणि जगन्नाथपुरी नागपूरच्या अमलाखाली होती. कोणार्कच्या सूर्यमंदिरापुढचा अरुणस्तंभ पुरीला आणून जगन्नाथाच्या सिंहद्वारासमोर उभा केला गेला, तोही ह्याच मराठा काळात. भोसल्यांचा वाडा होता त्या महाल भागातल्या गल्ल्यांमधून आज चालताना त्या समुद्राची काही खूण दिसत नाही. बावन्न वर्षं किनारा बाळगलेलं हे शहर आजही पाण्यासाठी फुटाळ्याच्या नाहीतर अंबाझरीच्या काठावर जाऊन बसतं.

त्याच महालातल्या एका घरातली आजी एकाहत्तर वर्षांची होईतो समुद्र न पाहता राहिली, ह्यात नवल काही नाही. तिचं माहेर पवनी, वैनगंगेच्या काठावर. उन्हाळ्याच्या सुट्ट्या माहेरी गेल्या. मुलं मोठी झाल्यावर रामटेक, शेगाव, चिखलदरा, एकदा पचमढी. समुद्र बघायचा राहिला असं तिला कधी वाटलंही नव्हतं. तो बघायला हवा असं मुलाला वाटलं. त्यानं कार्तिकातल्या सुट्टीसाठी यादी केली: पाच दिवस, अकरा ठिकाणं, रोज सकाळी सातला गाडी. सुनेनं ती यादी वाचली, पेन घेतलं आणि नऊ ठिकाणांवर काट मारली. राहिली दोन, तारकर्ली आणि मालवणचा किल्ला. मुक्काम एकाच घरात, सात रात्री.

हा त्या प्रवासातला सगळ्यात शहाणपणाचा निर्णय होता. कोकणात हल्ली ‘पॉइंट’ मोजत फिरणारी कुटुंबं जागोजागी दिसतात. गाडीतून उतरायचं, फोटो काढायचा, पुन्हा गाडीत बसायचं. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला तेव्हापासून रस्ते वाढले, खोल्या वाढल्या. पण समुद्र काही अर्ध्या तासात दिसणारी गोष्ट नाही. तो एका जागी बसून, दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी पाहावा लागतो. आजीनं तो तसा पाहिला.

जायचं कसं, ह्यावरही चर्चा झाली. समृद्धी महामार्गामुळे मुंबई ७०१ किलोमीटरवर आली आहे, गोव्याला विमान आहे. पण आजीला खिडकी हवी होती, म्हणून नागपूर–मडगाव गाडी ठरली. दुपारी निघालेली ही गाडी वर्धा, अकोला, भुसावळ करत रात्री घाट उतरते आणि कोकणात शिरते तेव्हा उजाडत असतं. १९९८ च्या जानेवारीत कोकण रेल्वेचा मार्ग पूर्ण खुला झाला, त्याआधी विदर्भातल्या माणसाला कोकण म्हणजे मुंबई गाठून मग रात्रभर एसटी, असा दोन दिवसांचा मामला होता. रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागला तेव्हा नातवानं डोळे मिटून आकडे मोजले. पलीकडे पानवल नदीवरचा ६४ मीटर उंचीचा पूल आला तेव्हा आजीनं डोळे मिटले.

ह्या गाडीतून समुद्र जवळपास दिसतच नाही. दिसतात त्या नद्या आणि खाड्या. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री. प्रत्येक पुलावर आजी विचारायची, “हाच काय?” नाही म्हटलं की पुन्हा खिडकीला कपाळ टेकवायची. सह्याद्रीत उगम पावायचं आणि दीडशे किलोमीटरच्या आत समुद्राला मिळायचं, असं ह्या नद्यांचं आयुष्य. वैनगंगेच्या काठावर वाढलेल्या बाईला ते फार तोकडं वाटलं. “येवढ्याशा नद्या,” ती म्हणाली, “घरून निघाल्या न् पोहोचल्या बी.”

कुडाळला उतरून तासाभरात देवबागचं घर आलं. ‘घरगुती जेवण व राहण्याची सोय’ अशी पाटी, चिऱ्याच्या भिंती, मागे माड, माडांच्या मागे समुद्र. नागपूरहून नेलेली संत्र्यांची पेटी सुनेनं घरमालकिणीच्या हातात दिली. आंबिया बहाराची पहिली फळं होती. काकूंनी एक हुंगून पाहिलं आणि देवापुढे नेऊन ठेवलं.

खरी गंमत पहिल्याच जेवणाला झाली. आजीचं कार्तिकस्नान चालू होतं, म्हणून पौर्णिमेपर्यंत मासे वर्ज्य. काकूंनी तिच्यासाठी वेगळं केलं होतं. पानात आंबोळ्या वाढून त्यांनी विचारलं, “आजी, सांबार वाढू?” आजीनं दोन बोटांची चिमूट दाखवली आणि म्हणाली, “टाका वरतून थोडासा.” नागपुरात सांबार म्हणजे कोथिंबीर, सांबारवडी होते ती त्याचीच. मालवणात काळ्या वाटाण्याचं सांबार म्हणजे भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याच्या वाटणातला, मालवणी मसाल्याचा दाट रस्सा. चिमटीच्या जागी वाटी आली. आजीनं एक घास खाल्ला, थांबली, दुसरा खाल्ला आणि वाटी पुढे केली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघरात बसून रात्री भिजवलेले काळे वाटाणे बोटांनी दाबून बघत होती.

वड्यांचंही तसंच झालं. नागपूरचा वडाभात म्हणजे मिश्र डाळींचे जाडसर वाटून तळलेले वडे, भातावर कुस्करायचे आणि वरून हिंगाची फोडणी. मालवणी वडा तांदळाच्या पिठाचा, उडीद-मेथी-धणे घातलेला, पुरीसारखा फुगणारा, आणि त्याची जोडी कोंबडीच्या रश्श्याशी. सून आणि काकू दोन दिवस ह्याच विषयावर बोलत होत्या. एकीच्या तिखटात जवस आणि शेंगदाणे, दुसरीच्या प्रत्येक पदार्थात नारळ. सावजी रस्सा घशात उतरल्यावर कळतो. तिरफळाची जात वेगळी. बांगड्याच्या तिखल्यात काकूंनी शेवटी चार तिरफळं जराशी ठेचून टाकली. मुलानं न विचारता त्यातलं एक चावलं आणि त्याची जीभ दहा मिनिटं बधिर झाली. ते चावायचं नसतं, त्याचा वास उतरला की बाजूला काढायचं असतं. मग सोलकढीचा पेला आला. कोकमाचं आगळ, नारळाचं दूध, लसूण, हिरवी मिरची. रंग फिकट गुलाबी. मुलांनी त्या दिवसांत किती पेले रिचवले त्याला हिशोब नाही.

पण हा लेख लिहावासा वाटला तो एका वेगळ्या गोष्टीसाठी.

पवनीला असताना आजी लहानपणापासून कार्तिकात पहाटे वैनगंगेवर स्नानाला जायची. घाटाच्या पायऱ्या, थंड पाणी, तिथे सोडलेले दिवे. इथेही ती पहाटे उठली आणि नातीला सोबत घेऊन समुद्रावर गेली. पहिल्या दिवशी, दशमीला, पाणी बांधाच्या जवळ होतं. थोडं चाललं की पावलं भिजली. एकादशीला त्याच वेळी गेली तर पाणी थोडं मागे. द्वादशीला आणखी मागे. ओल्या वाळूवरून बरंच चालावं लागलं. नदी असं कधी करत नाही. नदी पावसाळ्यात चढते, उन्हाळ्यात आटते, पण काल होती तिथेच आज असते. तिसऱ्या दिवशी परत आल्यावर आजीनं अंगणात काम करत असलेल्या घरमालकांना सांगितलं, “तुमचा समुद्र रोज उशिरा उठून राहिला जी.”

काका हसले नाहीत. हातातली कोयती खाली ठेवून त्यांनी विचारलं, “आज तिथ कसली?”

“द्वादशी.”

“तिची पाऊणपट करा.”

कोकणच्या किनाऱ्यावर हा हिशोब जुन्या माणसांना तोंडपाठ असतो. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, जो आकडा येईल ती पूर्ण भरतीची वेळ. द्वादशी म्हणजे बारा, बाराची पाऊणपट नऊ. सकाळी नऊला आणि रात्री साधारण नऊच्या पुढे भरती. सहा तासांनी ओहोटी. वद्य पक्षातही हाच हिशोब. ह्याचं कारण आकाशात आहे. चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा येतो आणि पाणी त्याच्या मागे चालतं. तिथी म्हणजे चंद्रसूर्यातल्या अंतराचं माप, म्हणून तिथी कळली की पाणी कळतं. पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस मिनिटं; पाचेक मिनिटांचा फरक राहतो, जागेप्रमाणे थोडी वेळ इकडेतिकडे होते. होडी लोटायला तेवढा अंदाज पुरतो.

आजीला दुसरं काही समजावून सांगावं लागलं नाही. तिथी तिला झोपेतून उठवून विचारली तरी सांगता येते. आणि पवनीच्या शाळेत ती पावकी, निमकी, पाऊणकी शिकली होती. पंचावन्न-साठ वर्षं ती पाऊणकी कुठे उपयोगाला आली नव्हती. मोबाइल आल्यावर तर वाण्याचा हिशोबही नातच करते. अंगणात उभ्याउभ्या आजीनं बोटं मोडली. बारा पाऊण नऊ. तेरा पाऊण पावणेदहा. चौदा पाऊण साडेदहा. पंधरा पाऊण सव्वाअकरा. मागेही गेली: अकरा पाऊण सव्वाआठ, दहा पाऊण साडेसात. मग म्हणाली, “म्हणून दशमीले जवळ होता.” म्हणजे जे तिनं तीन पहाटे पायांनी मोजलं होतं, ते पाढ्यात बसलं.

तिथून पुढचे तीन दिवस त्या घरातली सहल आजीच्या हिशोबानं चालली. मुलं उठली की आधी तिच्याकडे यायची. किती वाजता पोहायचं, शिंपले वेचायला कधी जायचं, वाळूचा किल्ला कुठे बांधला म्हणजे दुपारपर्यंत टिकेल. समुद्र कधीच न पाहिलेली बाई चौथ्या दिवशी घरात समुद्राच्या वेळा सांगत होती. सुट्टीत घरातल्या वडीलधाऱ्यांना बहुतेक वेळा खुर्चीत बसवून ठेवलं जातं, त्यांची औषधं आणि त्यांचं पथ्य एवढीच त्यांची चौकशी होते. इथे रोजचा कार्यक्रम त्यांना विचारून ठरत होता. प्रवासाला जाताना घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या गाठोड्यात काय असतं ते आपण बघत नाही.

त्रयोदशीला ते सिंधुदुर्ग किल्ल्यावर गेले. २५ नोव्हेंबर १६६४ ला मालवणच्या किनाऱ्यावर मोरयाच्या धोंड्याशी पूजा करून कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी ह्या किल्ल्याचं काम सुरू केलं. महादरवाजा बुरुजांच्या आड असा दडवला आहे की होडी अगदी जवळ जाईपर्यंत दार दिसत नाही. नातवानं शोधायची पैज लावली आणि हरला. आत शिवराजेश्वराचं मंदिर आहे, राजाराम महाराजांच्या काळातलं. पण आजी सगळ्यात जास्त वेळ थांबली ती विहिरींपाशी. दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चहूबाजूंनी खारं पाणी आणि मधे ह्या तीन गोड्या विहिरी. तिनं कठड्यावरून वाकून खोलवर पाहिलं. किल्ला कुठे बांधायचा हे ठरवताना आधी पाणी बघितलं असेल, असं तिनं नातीला सांगितलं. आणि ते खरंच आहे, कारण पाण्याशिवाय ह्या तटाचा काही उपयोग नव्हता. आजही काही कुटुंबं किल्ल्यात राहतात. पावसाळ्यात होड्या बंद होतात तेव्हा त्यांचा भरवसा ह्याच विहिरींवर.

सावंतवाडीला अर्धा दिवस गेला. लाकडी फळं, लाकडी भाज्या, राजवाड्यात हातानं रंगवलेले गोल गंजिफे. नातीनं लाकडी कारलं घेतलं.

चतुर्दशीच्या सकाळी रापण लागली. होडी जाळं घेऊन समुद्रात अर्धगोल फिरून येते, जाळ्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर राहतात आणि दोन रांगांनी माणसं ते ओढतात. तास-दीड तास चाललेलं काम. अंग मागे टाकून, टाचा वाळूत रोवून, एका लयीत. जो हात लावेल त्याला थोडं म्हावरं मिळतं, ही जुनी रीत. मुलगा आणि नातू दोघेही दोराला लागले. आजी पदर खोचून बाजूला उभी राहिली. पवनीच्या ढिवरांची जाळी तिनं लहानपणापासून पाहिली होती, रोहू, मरळ आणि झिंगे तिला पारखता येतात. जाळ्याचं पोट जवळ आलं, पाणी चंदेरी उसळायला लागलं, तेव्हा तिनं आधीच सांगितलं, “हलकं आहे. दोर ढिला आहे न्.” खरंच हलकं होतं. पेडवे, थोडे बांगडे, दोन कुर्ल्या.

रापणकर आता रोज रापण लावत नाहीत. यंत्रानं ओढायची पर्ससीनची मोठी जाळी समुद्रात थव्याचा थवा वेढून उचलतात, मग किनाऱ्यापर्यंत येणार काय? २०१६ मध्ये राज्य सरकारनं पर्ससीनवर निर्बंध घातले, पण मालवणच्या किनाऱ्यावरच्या पारंपरिक मच्छीमारांची तक्रार संपलेली नाही. रापणीत माणसं लागतात आणि सगळ्यांना वाटा मिळतो. ती बंद पडली तर एक कौशल्य जाईल आणि वाटणीची एक रीतही जाईल. नातवाला त्या दिवशी चार पेडवे मिळाले. ते त्यानं दोन्ही हातांच्या ओंजळीत धरून घरापर्यंत आणले, वाटेत कुणालाही हात लावू दिला नाही.

त्रिपुरी पौर्णिमेला पहाटे आजीला पाण्यापर्यंत पोहोचायला सगळ्यात जास्त चालावं लागलं. पौर्णिमा-अमावास्येला पाणी सगळ्यात वर चढतं आणि तितकंच खाली जातं, त्याला उधाण म्हणतात. पहाटे पाच-साडेपाच म्हणजे ऐन ओहोटी. अंधारात ओली वाळू लांबच लांब पसरलेली. नातीनं द्रोणात दिवा धरला होता, वारा असल्यामुळे तो तीनदा विझला. चौथ्यांदा आजीनं पदराचा आडोसा केला. तिनं दिवा पाण्यात सोडला नाही, वाळूवरच ठेवला. “भरती येईल न् नेईल,” म्हणाली.

संध्याकाळी सगळे देवबागच्या टोकाकडे गेले. तिथे जमिनीची चिंचोळी पट्टी आहे, एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी. पौर्णिमेला सूर्य मावळतो त्याच सुमाराला चंद्र उगवतो, त्यामुळे एकाच जागी उभं राहून समुद्रात बुडणारा सूर्य आणि मान वळवली की नदीपलीकडच्या माडांवर येणारा चंद्र, दोन्ही दिसलं. कुणी फार बोललं नाही. नातू एकदा इकडे, एकदा तिकडे पळत राहिला.

प्रतिपदेला निघायचं होतं. काकूंनी सकाळीच बांगडा आणला. कार्तिकस्नान संपलं होतं. आजीनं आधी तिरफळं वेचून ताटाच्या कडेला मांडली, मग भात कालवला. खाऊन झाल्यावर म्हणाली, “गोड्या पाण्याच्या मासोळीले अशी चव नाही.” निघताना काकूंनी आगळाची बाटली फडक्यात गुंडाळून दिली.

महालातल्या घरी स्वयंपाकघराच्या भिंतीवर ‘कालनिर्णय’ आहे. १९७३ मध्ये ते सुरू करणारे जयंतराव साळगावकर जन्मानं मालवणचे, हे मुलानं परत आल्यावर आजीला सांगितलं. तिला ते योग्यच वाटलं. कार्तिकाच्या पानावर दशमी ते पौर्णिमा तिनं पेन्सिलीनं वेळा लिहिल्या, साडेसातपासून सव्वाअकरापर्यंत, आणि मग वद्य पक्षही भरून काढला.

वद्य अष्टमीला संध्याकाळी सहाला नातवानं देवबागला फोन लावला. आजी मेथी निवडत होती.

“काका, भरती आली?”

पलीकडून वाऱ्याचा आवाज आला, मग काकांचा. “इली हो, इली. पण आज भांगाचा पाणी. वर नाय चढणा.”

नातवानं आजीला विचारलं, भांग म्हणजे काय. तिलाही माहीत नव्हतं. काकांनी सांगितलं, अष्टमीच्या आसपास भरती लहान असते आणि ओहोटीही लहान असते, त्या दिवसांच्या पाण्याला भांग म्हणतात. आजीनं मेथीची जुडी खाली ठेवली, हात पदराला पुसले आणि अष्टमीच्या चौकटीत, सहाच्या पुढे, पेन्सिलीनं लिहिलं: भांग.